शकट

आयुष्यभर शब्दकोश रचणाऱ्या आजोबांची वाचा पक्षाघातानं गेली, तेव्हापासून त्यांनी आजींना एकदाही हाक मारली नव्हती. आज वाचा शिकवायला येणाऱ्या बाईंनी त्यांच्यापुढे बैलगाडीचं चित्र धरलं. "आजोबा, हे काय?"

बऱ्याच वेळानं त्यांचे ओठ हलले. "शकट."

बाई आजींच्या कानाशी लागल्या. "तोंडाला येईल ते बोलताहेत. मनाला लावून घेऊ नका."

"अहो, बरोबर आहे की! शकट म्हणजे गाडीच, फक्त फार जुनी. बोलून बोलून झिजली आणि तिचा छकडा झाला."

आजोबांचं बोट सावकाश छताकडे गेलं. "शकट."

"रोहिणीच्या चांदण्यांनाही शकटच म्हणतात, गाडीसारख्या दिसतात म्हणून," आजी म्हणाल्या. मग तिघंही कितीतरी वेळ वर बघत राहिली, जणू छतावरून कुणाची तरी गाडी संथपणे निघाली होती.

बाईंनी चित्र खाली ठेवलं आणि आजींकडे हात केला. "आणि या कोण?"

आजी थोड्या पुढे सरकल्या. आजोबांनी त्यांचा सुरकुतलेला चेहरा डोळे भरून न्याहाळला.

"वधू," ते म्हणाले.