पट्टेवाली जोडी

"घरी अंडी घालतील, पिल्लं होतील, असे मासे दाखवा," वंदना म्हणाली.

बिलकिसआपाने हातातली जाळी बादलीत ठेवली. चिखलीच्या बसस्टँडमागचं तिचं माशांचं दुकान इतकं अरुंद होतं की दोन्ही बाजूंच्या काचेच्या टाक्यांमधून एका वेळी एकच माणूस जाऊ शके. वंदनाचा नवरा गोविंदा दारातच थांबला. दोघं उंद्री गावाहून प्रवासाची बॅग घ्यायला आले होते. गोविंदाच्या चुलतभावाने, हिंमतरावने, त्याच्यासाठी दूर चाकणच्या एका कंपनीत वॉचमनची नोकरी बघून ठेवली होती. सोमवारी निघायचं, वावर ठोक्याने दुसऱ्याला कसायला द्यायचं, असं ठरलं होतं. म्हणजे गोविंदाने ठरवलं होतं.

बॅगांच्या दुकानाकडे जाता जाता वंदना इथे शिरली होती.

"आधी कधी पाळले का?" आपाने विचारलं.

"नाई. पह्यल्यांदाच. टाकी लहान पायजे, शिलाई मशीनच्या बाजूले राहीन एवढी."

आपाने आधी कपाळावर टेंगूळ आलेला लाल मासा दाखवला. "लोक हाच नेतात. घरात असला की बरकत येते म्हनतात."

"याले पिल्लं होतात?"

"मुश्कील हाय. संकर करून बनवलेला मासा. नराले बहुतेक बीजच नसते. दुसरा पायजे असन तर परत दुकानातूनच न्या लागते."

"मंग नको. दरसाल बियानं दुकानातून आनायचं, तेच लय झालं."

आपाने तिच्याकडे नीट पाहिलं. मग एंजल माशांवरून तिने नुसताच हात फिरवला. "हे दिसाले सुंदर, पन नाजूक. नवीन मानसाच्या हातून यांची अंडी टिकत नाईत. अन् तो ऑस्कर तर लहान टाकीत मावतच नाई." ती खाली वाकली. तळाच्या टाकीत काळ्या पट्ट्यांचे दोन राखाडी मासे होते. आपाने पाण्यात बोट घातलं. नारंगी पोटाचा लहान मासा मातीच्या बोळक्यातून सुसाट आला आणि बोटाला चावला.

"ही मादी," आपा हसून म्हणाली. "आमी पट्टेवाले म्हनतो. यांले काही शिकवा लागत नाई. बोळकं ठेवा, पानी थोडं थोडं बदला, अंडी होतेच. पिल्लं बी दोघं मिळून सांभाळतात. फक्त यांच्यात दुसरा मासा सोडू नका. मारून टाकतात."

"वंदना," गोविंदा दारातूनच म्हणाला, "सोमवारी जायचं हाय. तिथी आपल्यालेच पाय पसराले जागा नाई. मासे कुठं नेतं?"

"मी नेऊन नाई राह्यली."

त्याला समजायला वेळ लागला. वंदना आपाशीच बोलत होती.

"टाकी हलवली तर चालते का?"

"अंडी असताना नाई. घाबरले की आपलीच अंडी खाऊन घेतात. एकदा मांडली की राहू द्याची."

"मंग हीच जोडी द्या."

गोविंदा आत आला. त्याने आवाज खाली घेतला. "कपाशीच्या बोंडाबोंडात काय निघालं ते तू पाह्यलं ना? अळी येनार नाई म्हनून तर ते बियानं घेतलं होतं. आता काय राह्यलं तिथी?"

"पाह्यलं. अन् उपटली बी मीच. तुमी भिंतीकडं तोंड करून निजले होते तवा." तिने तळहात उघडून त्याच्यासमोर धरले. पऱ्हाट्या उपटून उपटून त्यांची सालं निघाली होती, ती अजून भरली नव्हती. "वावर मोकळं झालं. हरभऱ्याची वेळ अजून गेली नाई. तुमाले दुसऱ्याच्या गेटावर बसायचं असन तर जा, मी अडवत नाई. मी उंद्रीत राहीन. पेरीन."

"एकटी?"

"हाव. एकटी."

गोविंदाने आपाकडे पाहिलं. आपा पाठ करून मासे धरत होती. नर लगेच जाळीत आला. मादी मात्र जाळीवर तोंड आपटत राहिली, बोळक्यापाशी परत परत जात राहिली. शेवटी आपाने बोळक्यासकटच तिला उचललं.

"विहिरीचं पानी हाय ना? मंग चांगलं," पिशवीचं तोंड बांधताना आपा म्हणाली. "पन फवारनीची बादली वापरू नका. नुसता औषधाचा वास असला तरी जीव जाते यांचा."

आपाने एक लहान टाकी आणि हवेची मशीन पुढे ठेवली. वंदनाने रुमालाची गाठ सोडून शिलाईचे पैसे दिले.

"लाईट गेली तर?" गोविंदाने विचारलं.

दोघी बायका त्याच्याकडे बघू लागल्या.

"नाई, म्हंजे, आपल्याकडं लाईट राहत नाई दिवसदिवस. हवेची मशीन बंद पडन."

"मग्ग्यानं पानी वरून सोडत राहा," आपा म्हणाली. "कोनी घरी असलं म्हंजे झालं."

ते बॅगांच्या दुकानात गेले नाहीत. बसस्टँडवर उंद्रीची गाडी लागायची होती. गोविंदा बाकावर बसला, रिकामी टाकी मांडीवर, दोन्ही हात काचेभोवती. वंदना पिशवी उजेडाकडे धरून मासे बघत होती.

त्याच्या खिशातला फोन वाजला. वाजतच राहिला. वंदनाने तो काढून नाव बघितलं आणि कानाला लावला.

"हिंमतरावभाऊ, मी वंदना बोलून राह्यली. सोमवारी आमची वाट पाहू नका. नाई, तब्येत बरी हाय सगळ्यायची. आमी येऊन नाई राह्यलो, एवढंच." तिने ऐकून घेतलं. "त्यायले देऊ? देते."

तिने फोन गोविंदासमोर धरला. पलीकडून हिंमतरावचा आवाज बारीक ऐकू येत होता, गोविंदा, गोविंदा.

बाकावर शेजारी भरपूर जागा होती. गोविंदाने फोन घ्यायला टाकी खाली ठेवली नाही.