न दिसणारी निशाणी

दोन्ही व्याही एकाच बाकावर बसले होते, पण मध्ये तिसरा माणूस मावेल एवढी जागा सोडून.

आर्वीच्या त्या स्टुडिओत पंखा होता, वारा नव्हता. दुर्गेशनं चहा मागवला, तो कोणी उचलला नाही. उन्हाळ्यात याच दोघांनी गळ्यात गळे घालून त्याच्याकडून फोटो काढून घेतले होते. आता एकमेकांचं तोंड पाहायला तयार नव्हते.

भानगड एका क्लिपची होती. सपनाच्या लग्नाची, जेमतेम अर्ध्या मिनिटाची. पाठवणीच्या वेळी, फुलं लावलेल्या गाडीमागं, नवरदेव धीरज तिचं मनगट पिरगाळतो आणि ती ओठ दाबून हसल्यासारखं करते. मागच्या बुधवारी ती क्लिप आर्वीपासून देवळीपर्यंत मोबाईल-मोबाईलवर पोचली. सपना तेव्हा माहेरीच होती.

धीरजचे वडील प्रभाकरराव देवळीहून तणतणत आले. आमची बदनामी केली, म्हणाले. सपनाचे वडील पुंडलिकराव म्हणाले, आमच्या घरून काही गेलं नाही. मनगटाबद्दल दोघंही काही बोलले नाहीत. नवराबायकोत एवढंतेवढं चालायचंच, एवढ्यावर दोघांचं एकमत होतं.

शेवटी समाजाच्या चार मोठ्या माणसांनी तोडगा काढला. क्लिप मुलीकडच्या कॉपीतून गेली असेल तर पुंडलिकरावांनी चारचौघांत माफी मागायची आणि सपनाला आजच देवळीच्या गाडीत बसवून द्यायचं. मुलाकडच्या कॉपीतून गेली असेल तर ज्यांनी स्वतःच्याच सुनेची अब्रू वेशीवर टांगली, त्यांच्या घरी पोरगी पाठवायची नाही. कायमची नाही. सपनाचं काय म्हणणं आहे, हे कोणी विचारलं नाही. विचारायची रीत आहे कुठं?

कॉपी कोणाची, हे कळायची सोय दुर्गेशकडे होती. त्याची भाची आचल वर्ध्याला इंजिनिअरिंग शिकत होती. दुसरे स्टुडिओवाले मामाच्या फिल्मा उचलून स्वतःच्या नावानं खपवतात, म्हणून तिनंच ही सोय करून दिली होती. कॉपी काढताना ती कोणाची, ते नाव दुर्गेशनं टाकायचं. मग यंत्र ते नाव चित्रात असं मुरवतं की डोळ्याला काही दिसत नाही. एक यंत्र लपवायला शिकलेलं, दुसरं शोधायला. हजारो व्हिडिओंवर दोघं लपंडाव खेळून खेळून पक्की झाली होती. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कितीही चेपला गेला तरी आतलं नाव जात नव्हतं.

पुंडलिकरावांकडचा पेन ड्राइव्ह त्यांच्या बायकोनं, सुलोचनाबाईंनी, देवघरात कुंकवाच्या डबीशेजारी ठेवला होता. एकदाही लावला नव्हता. प्रभाकररावांचा मात्र भावकीत फिरून आला होता. त्यांच्यात तशी रीतच होती, लग्नाची फिल्म घरोघरी जायची, ज्याच्या घरी टीव्ही मोठा त्याच्याकडे दोन दिवस जास्त. अर्थात चार तासांचं शूटिंग कोणी धड पाहत नाही. जो तो स्वतःचा चेहरा येईपर्यंत थांबतो आणि मग पुढं पळवतो.

सुलोचनाबाई दाराजवळच्या स्टुलावर पदराचं टोक मुठीत धरून बसल्या होत्या. मागच्या मंगळवारी, क्लिप फिरायच्या आदल्या दिवशी, त्या सपनाला घेऊन इथंच आल्या होत्या, कॉलेजच्या अर्जासाठी फोटो काढायला. एवढ्या उकाड्यात पोरीनं मनगटापर्यंत बाह्या घातल्या होत्या. हनुवटी सरळ करायला दुर्गेशनं हात पुढं केला, तर ती दचकून मागं सरकली. त्यानं लांबूनच फोटो काढला.

"बाई, होईन सगळं नीट," आत्ताही तो त्यांना एवढंच म्हणाला. त्याचं अंग मोडून आल्यासारखं झालं होतं. एवढी वर्षं दुसऱ्यांची लग्नं पाहून त्याला लग्नाचाच वीट आला होता.

मागच्या भिंतीवर त्याच्या बहिणीचा, रुपाचा, हार घातलेला फोटो होता. आचल तिचीच मुलगी, अंगणवाडीच्या वयापासून मामाकडं वाढलेली. रुपाच्या लग्नाचं शूटिंगही दुर्गेशनंच केलं होतं.

आचलनं लॅपटॉप उघडला. प्रभाकररावांनी स्वतःच्या मोबाईलवर आलेली क्लिप तिला दिली, म्हणजे नंतर कोणाला बोलायला जागा नको.

"पोरी, मशीन खोटं तं नाई बोलत?" त्यांनी विचारलं.

"मशीनले काय करायचं खोटं बोलून, काका? आत जे हाय, तेच सांगते."

यंत्र शोधत राहिलं. बाहेर डेपोतून एक गाडी निघून गेली. आचल पडद्याकडे बघत होती, मग जरा जास्तच वेळ बघत राहिली. शेवटी तिनं वाचलं.

"प्रभाकरराव, देवळी."

आणि लॅपटॉप मिटला.

प्रभाकररावांचा चेहरा उतरला. पेन ड्राइव्ह कोणाकोणाच्या घरी गेला होता, ते आठवू लागले. एका चुलतभावाचं नाव पुटपुटले, मग दुसऱ्याचं. भांडायला आलेला माणूस अगदी थकून गेला.

पुंडलिकराव उठले. "पोरगी आता येत नाई. तिचं सामान पाठवून देजा."

सुलोचनाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. गार झालेला चहा त्यांनी एका दमात पिऊन टाकला आणि कोणाकडे न बघता पायऱ्या उतरून गेल्या.

सगळे गेल्यावर दुर्गेशनं शटर अर्धं ओढलं आणि त्याच बाकावर आडवा झाला. आचलनं कप गोळा केले. आईच्या फोटोवरचा वाकडा झालेला हार सरळ केला, आणि पाठमोरीच म्हणाली,

"मामा, निशाणीत नावाखाली तारीख बी असते. त्यायची कॉपी उन्हाळ्यातली. क्लिपवर मागच्या मंगळवारची हाय. मी तेवढी वाचली नाई."