नातवंडांच्या हाती लागायला नको

मोठा सुरा घरी आला. रुंद पातं, हात घसरू नये म्हणून खाचांची मूठ, टांगायला पात्यातच भोक. पण नातवंडांच्या धास्तीने सासूबाईंनी तो सुरक्षित जागी ठेवला आणि ती जागा स्वतःच विसरल्या. तेव्हापासून मी भोपळा उंबऱ्यावर आपटून फोडते.

काल घरफोडी झाली. चोराने कपाटांपासून माळ्यापर्यंत सगळं उलथंपालथं केलं, माझे दागिने नेले. हवालदार पंचनामा करत होते, तेवढ्यात पसाऱ्याकडे बोट दाखवत सासूबाई ओरडल्या, "सूनबाई, सुरा सापडला गं! भलं होवो त्या मेल्याचं!"

हवालदारांनी सुरा अलगद रुमालात गुंडाळला. "आजी, यावर चोराच्या बोटांचे ठसे असणार. हा आम्ही नेतो.

काळजी करू नका, अगदी सुरक्षित जागी ठेवू."