लाल ठिपका

केळीच्या वाडीतला पंप आपोआप चालू-बंद व्हावा म्हणून गिरीज गावच्या मितेशने मातीतली ओल मोजणारा सगळ्यात स्वस्त सेन्सर ऑनलाइन मागवला. पाकीट फोडताच जळका वास नाकात गेला.

"शी! कुणाचातरी जळका माल नवा म्हणून आपल्या गळ्यात मारतात. किळस येते यांची!" म्हणत तो तक्रार लिहायला बसला.

बायकोने, तेजस्वीने, सेन्सर उलटा करून बघितला. "अरे, हा लाल ठिपका माझ्या नेलपॉलिशचा! प्लसची बाजू कळावी म्हणून मीच लावलेला. तरी मागच्या वेळी तू उलट्या वायरी जोडून जाळलास आणि 'बंदच आला' सांगून परत केलास, तोच हा!"

मितेशने लिहिलेलं सगळं पुसलं आणि परत करायचं कारण निवडलं: 'बंदच आला.'

या वेळी ते खरं होतं.