पुसलेला पाढा

जागा करायची म्हणून घरच्या नेटवर्कवरच्या हार्ड डिस्कमधला फोल्डर मी जादा प्रत समजून उडवला आणि मी नातीला शिकवतानाचे सगळे व्हिडिओ गेले. मुलाने दोन दिवस खपून ते परत आणले; त्यांच्यासोबत डिस्कवरून पूर्वी कधी पुसलेलेही काही वर आले. नावांच्या जागी मात्र नुसते आकडे उरले. नात एकेक उघडून बघत होती. “आजोबा, हा बाबा ना? किती बावळट दिसतोय.” पडद्यावर आठ वर्षांचा माझा मुलगा सातच्या पाढ्यात अडला. बाजूने लाकडी पट्टी आली आणि त्याच्या बोटांवर बसली. “गाढवा, पहिल्यापासून म्हण.” आवाज माझा होता. नातीने तो तसा कधी ऐकला नव्हता. “कोण ओरडतंय हे?” मी व्हिडिओ थांबवायला हात पुढे केला. “मी केव्हाच पुसलं होतं हे,” मागून मुलगा पुटपुटला आणि मोठ्याने म्हणाला, “माझे एक सर होते.” “मग तू आजोबांकडेच का नाही शिकलास?”