त्रिंबकची पाठ

"झालं का, सर?" पाठमोऱ्या बसलेल्या त्रिंबकने स्टुलावरूनच विचारलं. मान वळवायची नाही, हे चार महिन्यांत त्याच्या अंगवळणी पडलं होतं.

"थोडं राहिलंय," राजानंद सर म्हणाले. खरं तर खांद्यावरच्या उजेडाचा एक जाड ठिपका तेवढा राहिला होता. तो दिला की चित्र संपलं, आणि त्रिंबकचं येणंही संपलं.

या निवृत्त चित्रकला मास्तरांची पद्धत दीडशे वर्षांपूर्वीची. आधी सगळं अंग करड्या रंगात उभं करायचं. ते वाळलं की त्यावर जवसाच्या तेलात कातडीचा पातळ रंग, थरावर थर. एक थर वाळायला आठवडा, म्हणून त्रिंबक फक्त सोमवारी यायचा. एवढी सवड अख्ख्या हसनाबादेत दोघांनाच होती. बायको गेल्यापासून सरांना, आणि मेंढरं विकल्यापासून त्रिंबकला. त्या उघड्या पाठीशी सर पोटभर बोलून घेत. उरलेले सहा दिवस घर खायला उठे.

मागच्या सोमवारी तर रंग लवकर वाळू नये म्हणून त्यांनी मुद्दाम तेल जास्त घातलं होतं. पण एप्रिलच्या उन्हापुढे तेलाचं काय चालणार? रंग खडखडीत वाळला.

सरांनी कुंचला दोनदा पुढे नेऊन मागे घेतला. मग ठिपका देऊन टाकला.

"या, बघा आता."

पुरं झाल्याशिवाय बघायचं नाही, असं त्रिंबकनेच ठरवलं होतं. सदरा अंगात अडकवत तो चित्रासमोर आला आणि नुसता उभा राहिला.

"आवडलं नाही का?" सरांनी विचारलं.

"ही मही पाठ न्हाई, सर."

"अहो, तुमचीच! चार महिने बघतोय मी."

"मी मही पाठ कव्हा पाह्यली? हा महा बाप हाय." त्रिंबकचा आवाज बारीक झाला. "मेंढरांच्या मागं बाप, अन् बापाच्या मागं मी. एवढासा व्हतो. दिवसभर ही पाठ पाहत चालायचो."

त्रिंबक सदऱ्याची बटणं न लावताच खाली फरशीवर बसला.

"फोटो न्हाई त्याचा. तोंड तर बिलकुल इसरून गेलो," तो म्हणाला. मग त्याने पहिल्यांदाच सरांकडे वर पाहिलं. "सर, ह्याला जरा इकडं वळवता का?"