राशीवरचे पंजे

पुतळाबाईने ओल्या चिखलात पंजा दाबला आणि मागे सरून पाहिले. पाचही बोटे नीट उमटली होती. घराएवढ्या मिठाच्या राशीवर पावसाआधी गवत घालून चिखलाचा लेप देतात. पण त्यावर हाताचे ठसे उठवण्याची तऱ्हा शिरवणे गावात तिनेच काढली. कोणी टोपलीभर मीठ काढले तरी लेप फुटेल आणि तिला कळेल. कोणी म्हणजे गोटीराम, तिचा धाकटा दीर. नवरा गेल्यापासून मिठागर त्या दोघांचे होते.

गोटीरामला अर्धी रास आत्ताच, पडत्या भावात व्यापाऱ्याला द्यायची होती. दिवाळीला दुप्पट भाव येतो हे शेंबडे पोरही सांगेल. मग ही घाई कशाला? व्यापाऱ्याच्या दिवाणजीबरोबर त्याला चहा पिताना तिने स्वतः पाहिले होते. त्यात सरकारने आणे मोडून नवे पैसे काढलेले. बाईमाणसाला गंडवायला आणखी सोपे.

"खाडीचा बांद खचलाय, वयनी," गोटीराम म्हणाला. "अवसेच्या उदानाआदी चिखल घालाय पायजे. आपलं हाय तं सगलं या राशीन हाय. गडी काय मीठ घेऊन घरा जातील? त्यांना सांजला रोकड लागते."

"एवरी मोठी रास, आन घरान पैसा नाय? मंग गेला कुटं?"

गोटीरामने फावडे उचलले आणि तो बांधाकडे निघाला. चोर असाच पाय काढतो, असे तिला वाटले.

तरी अर्ध्या बांधावर नवा चिखल पडलाच. याला पैसा आला कुठून, या विचाराने तिची झोप उडाली. त्याच सुमारास त्याच्या बायकोच्या, गोजराच्या, हातातल्या पाटल्या दिसेनाशा झाल्या. वाटणीच्या भीतीने लपवल्या असणार, दुसरे काय. तिने जाऊन राशीवर आणखी चार पंजे उठवले.

अवसेला उधाण आले. बांधाचा नवा चिखल घातलेला भाग टिकला. उरलेला फुटला आणि खाडी मिठागरात शिरून राशीच्या बुडाला लागली.

पाणी ओसरताच पुतळाबाई गुडघाभर चिखल तुडवत राशीकडे धावली. आधी तिने पंजे पाहिले. सगळे जसेच्या तसे होते. कोणी हात लावला नव्हता. तिचा जीव भांड्यात पडला.

खात्री करायला तिने एका पंजावर आपला पंजा ठेवला. लेप आत गेला, आणि मागोमाग तिचा हात, थेट खांद्यापर्यंत. आत बोटांना काहीच लागले नाही.